पाणी चढलं नाही

...आणि जो भेटतो तो मलाच विचारतो, "हरिचंद्र, बटाट्याचं काय झालं?" अरे, बावीस वर्षं मी अंबरनाथच्या कॉलेजात बायोलॉजी लॅबचा असिस्टंट आहे, सांगाडा पुसला, त्याचा हात निखळला तर तारेने बांधला, तेव्हा कोणी विचारलं नाही. यात माझं काय चुकलं, सांगा.

बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. ऑस्मॉसिसचा प्रयोग, एकदम साधा. कच्चा बटाटा सोलायचा, मधे खळगा कोरायचा, त्यात साखरेचं पाणी भरायचं, पाणी जिथवर आहे तिथे टाचणी टोचायची आणि बटाटा साध्या पाण्यात ठेवून द्यायचा. तासाभरात बटाटा बाहेरचं पाणी आत ओढतो आणि खळग्यातलं पाणी टाचणीच्या वर चढतं. सगळी मेहनत बटाट्याची, मुलांनी फक्त बघून लिहायचं. तर आदल्या दिवशी पद्मजा मॅडम म्हणाल्या, "घरून सोलून आणाल का हो? मुलांचा वेळ वाचेल." मॅडम 'हो' लावून बोलल्या की मला नाही म्हणता येत नाही. बटाटे मोरिवलीला घरी नेले, सकाळी उठून सगळे सोलले, पातेल्यात पाण्यात बुडवले आणि आंघोळीला गेलो. यात माझं काय चुकलं?

बाहेर आलो तर आमच्या मंडळीने, काशीने, बटाटे डब्यात भरून तयार ठेवलेले. डबा गरम लागत होता. मला वाटलं... नाही, खरं सांगतो, मला काहीच वाटलं नाही, घाई होती.

परीक्षा सुरू झाली. बटाटे असे भराभर कोरले जात होते की मी म्हटलं, यंदाची बॅच हुशार दिसते. तास झाला, मी फिरून बघितलं, तर एकाचंही पाणी चढलेलं नाही. आणि वीसपैकी एकोणीस मुलांनी लिहिलेलं, 'पाणी चढले.' कोणी चार मिलिमीटर, कोणी सहा. विसावी जिज्ञासा, उल्हासनगरहून येते, तिने लिहिलं, 'पाणी चढले नाही. बटाटा शिजलेला वाटतो.'

बाहेरचे परीक्षक जयदेव सर, बदलापूरचे, त्यांनी कागद वाचला. "बाळ, सगळ्यांचं चढलं, तुझंच कसं नाही? मार्क जातील. बदलायचं तर बदल."

पोरीने पेनाला टोपण लावलं. "नाही सर. दिसलं ते लिहिलं."

मी शेजारच्या टेबलावरचा बटाटा अंगठ्याने दाबला. अंगठा आत. बाहेर जाऊन घरी फोन लावला, तर काशी म्हणते, "काले परतील म्हनून येक उकली कारली. तुमचीच लाज राखली ना."

म्हणजे बटाटे काळे पडतील म्हणून तिने एक उकळी काढलेली. उकडला की बटाटा मेला, आणि मेलेला बटाटा पाणी ओढत नाही, एवढं मला बावीस वर्षांत ऐकून ऐकून पाठ झालंय. आता गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं असतं? मॅडम फरशीकडे बघतायत, एकोणीस पोरं माझ्याकडे बघतायत, फक्त ती एकटी स्वतःच्या बटाट्याकडे बघतेय. आत जाऊन म्हटलं, "सर, बटाटे उकडलेले आहेत. माझ्या घरी उकडले."

सरांनी उरलेल्यातला एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला. "मीठपण आहे," म्हणाले. मग पोरांकडे वळले. "तुमचं पाणी कशाने चढलं?"

गंधार म्हणून एक मुलगा उठला. "सर, दरवर्षी चढतं ना."

मी धावत जाऊन बाजारातून कच्चे बटाटे आणले. एकोणीस जणांना प्रयोग पुन्हा करायला लावला, आणि जिज्ञासाचा पहिलाच कागद सरांनी सही करून ठेवून घेतला. जाताना पोरगी मला "थँक्यू काका" म्हणाली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मेमो. 'परीक्षेसाठी दिलेले बटाटे मृत कसे झाले, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' बसलो लिहायला. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिलं, 'मी आंघोळीला गेलो तेव्हा बटाटे जिवंत होते. पुढचे पत्नीला विचारावे, मला विचारायची हिंमत होत नाही.' आणि खाली सही केली.