बाबांचा रविवारचा ग्लास

...बर्फ जास्त! ऐकलंत? एकोणीस वर्षं मी दर रविवारी चर्चहून आल्यावर या माणसासाठी ब्लडी मेरी, म्हणजे टोमॅटोच्या रसातली तिखट वोडका, करतोय, आणि ग्लास हातात घेतल्यावर पहिलं वाक्य काय, तर 'बर्फ जास्त झाला!' बरं, पुढच्या रविवारी कमी घालावा, तर 'कोमट आहे!' तुम्हाला सांगतो, अख्ख्या शेबॉयगन गावात माझ्या ग्लासाला नावं ठेवणारा एकच माणूस, आणि तो नेमका माझ्या बायकोचा बाप! नॉर्बर्ट व्होइचिक. अडतीस वर्षं स्वतःचा बार चालवलेला! दुसरा कोणी असता तर म्हटलं असतं, तुला रे काय कळतंय? यांना म्हणायची सोय नाही.

आणि मला हवं काय होतं? दोन शब्द. 'वाईट नाही.' बस्स! आमच्याकडे याच्यापुढे कौतुकच नसतं हो. आमच्या लग्नाच्या दिवशी मार्लिस नटूनथटून खाली आली, आणि हे बाप असून काय म्हणाले? 'वाईट नाही दिसत.' पोरगी ढसाढसा रडली. आनंदाने!

तर गेल्या ऑक्टोबरात म्हातारा निघाला ॲरिझोनाला. सासूबाई गेल्या, बार विकला, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हापासून आमच्याकडेच खालच्या खोलीत होते. मार्लिस महिनाभर विनवतेय, 'बाबा, राहा ना इथेच!' तर हे, 'नुसतं बसून खायला मी कुणाच्या घरी राहत नाही.' 'अहो, पण केनीकडे जाऊन काय करणार?' केनी म्हणजे माझा ॲरिझोनातला मेव्हणा. 'बसेन. पण उन्हात बसेन.' घ्या! मंगळवारचं तिकीट. मार्लिस रात्रंदिवस डोळे पुसतेय, आणि माझ्या हातात उरला एकच रविवार. मी म्हटलं, हा माणूस विमानात बसायच्या आधी 'वाईट नाही' म्हणणार. ठरवलं म्हणजे ठरवलं!

शनिवारपासून लागलो. टोमॅटो भाजले, गाळले, हॉर्सरॅडिशचं मूळ किसलं, मोहरीसारखं नाकात झिणझिणणारं, आणि तुम्ही कधी ते किसलंय? किसू नका! मी इतका रडलो, इतका रडलो की मार्लिसला वाटलं बाबांसाठी रडतोय, तिने येऊन मला मिठी मारली! आता काय सांगणार तिला? रडलो तसाच. मग लिंबू, वूस्टर सॉस, मिरी, लोणच्याच्या बरणीतलं खारं पाणी... आणि टेबलभर वाट्या! चीजचे तुकडे, ऑलिव्ह, उकडलेली अंडी, सॉसेज, कोळंबी, लोणच्यातले मशरूम. ज्याला जे आवडेल ते त्याने काडीला टोचून ग्लासावर ठेवावं, तिखट आपापलं घालावं, बाजूला बीअरचा छोटा ग्लास.

रविवारी अकराला आधी आली व्हर्ना आत्या, बाबांची बहीण. 'ड्वेन, मला वोडका नको रे, औषधं चालू आहेत.' बरं. 'तिखट नको, पोट बिघडतं.' बरं! 'आणि टोमॅटोने मला जळजळतं.' अहो आत्या, मग उरलं काय? काडी! तर म्हणाली, 'मग काडीच दे, पण सॉसेज दोन टोच.' दिली! चिडलो नाही! कारण आज लढाई वेगळी होती. ठरवलं म्हणजे ठरवलं!

मग आले बाबा. बसले. ग्लास उजेडात धरला. वास घेतला. सेलरीच्या दांडीने ढवळलं, दांडी चावली, पुन्हा ढवळलं... अहो, प्या की! मार्लिस श्वास रोखून उभी, आत्या सॉसेज चावायची थांबलेली. घेतला एक घोट. गिळला. भिंतीकडे बघत बसले.

'काय काय घातलंयस?'

मी छाती पुढे काढून सांगितलं, 'चौदा जिन्नस, बाबा!'

'चौदा? प्यायला दिलंयस की बिऱ्हाड हलवतोयस?'

मग आणखी एक घोट, ग्लास टेबलावर, आणि एकदम आवाज चढला, 'मार्लिस! हा हे लोकांना पाजतो? तुझ्या घरात? व्होइचिकच्या पोरीच्या घरात?' आत्या म्हणाली, 'अरे नॉर्बर्ट, काडी छान आहे!' कोण ऐकतंय! 'केनीला फोन लाव. सांग, येत नाही म्हणून. ह्या जावयाला असाच सोडून गेलो तर गावात नाव राहील का माझं? याला शिकवावं लागेल. वेळ लागेल. सगळं घालतच सुटतो गाढव.'

मला वाटलं मार्लिस माझी बाजू घेईल! ती गेली कोठीच्या खोलीत, दार लावून रडली, आणि बाहेर येऊन तिने माझा मुका घेतला. आत्यासमोर! मी तिथेच उभा, हातात चमचा, अपमान झाला की सत्कार झाला, काही कळेना.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी सातला म्हातारा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, काठी टेकत स्वयंपाकघरात हजर! 'लिंबू असं पिळतात? मिरी आत्ता कुटायची, काल नाही!' गुडघ्यांचं नावसुद्धा काढत नाहीत. मार्लिस अंडी तळताना गाणं गुणगुणते. आणि मी? मी शिकतोय हो! निमूटपणे! ते दोन शब्द घेतल्याशिवाय सोडणार नव्हतोच. ठरवलं म्हणजे ठरवलं!

पण परवा काय झालं... ते आंघोळीला गेलेले, मी एकट्यानेच केला ग्लास, पाचच जिन्नस, त्यांनी सांगितलं तस्सा. घोट घेतला. तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला! जमलं होतं. एकोणीस वर्षांनी जमलं होतं! आता हे पिणार, भिंतीकडे बघणार, आणि म्हणणार. आज म्हणणार म्हणजे म्हणणारच! तेवढ्यात खालून हाक आली, 'झालं का रे?' आणि माझ्या मनात आलं, म्हणतील... आणि मग? शिकवून झालं की या माणसाला या घरात काम काय उरलं? ॲरिझोनात ऊन आहेच!

उचलला तो ग्लास. मग ओतला सिंकमध्ये. म्हटलं, 'आलोच, बाबा!' आणि दुसरा केला, त्यात मीठ दोनदा घातलं.