उरलेली अर्धी गोळी

...आणि तो पट्टा आवळला कोणाच्या दंडाला? हिच्या! अहो, पेशंट मी! अकरा वर्षं रक्तदाब माझा, फाइल माझी, गोळी माझी, ही आपली नुसती पिशवी धरून सोबत येणार. पण हिचे गुडघे दुखतात, म्हणून स्टुलावर मी हिलाच बसवलं, नर्स नवी, फाइल दिसली हिच्या मांडीवर... मी हसतोय, आणि नर्स ओरडते, "अगंबाई, दोनशे दहा! आजी, तुम्ही चालत आलात?" तर ही काय म्हणाली असेल? "मला काय धाड भरलीय!"

तुम्हाला सांगतो, बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी शिलाई मशीनवर बसली, तेव्हाही हेच. "मला काय धाड भरलीय!" चाळीस वर्षं अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले, डोळे गेले, कंबर गेली. मी तेवढीच वर्षं कारखान्यात काढली, मला पेन्शन. हिला कोण देणार, मशीन?

डॉक्टरांनी हिलाही माझीच गोळी लिहून दिली. ती चिठ्ठी महिन्यानं सापडली कुठे? मशीनच्या खणात, दोऱ्याच्या रिळांखाली! मी भडकलो, तर ही शांतपणे म्हणते, "पेन्शनीत घर चालवून एकाचंच औषध बसतं. तुम्ही गेलात तर अर्धी पेन्शन जाईल. मी गेले तर काय जातं?"

काय जातं! असं विचारतात का हो माणसाला? बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून रडलो मी.

मग डोकं चालवलं. ही स्वतःसाठी काही घेणार नाही, पण उरलेलं टाकणारही नाही. जन्मभर सगळ्यांचं उरलेलंच तर जेवली! म्हणून रोज सकाळी गोळी मोडतो, अर्धी गिळतो, अर्धी बशीत. म्हणतो, "डॉक्टरांनी मला आता अर्धीच सांगितलीय. मोडलेली उद्यापर्यंत टिकत नाही म्हणे... फेकू?" लगेच कडाडते, "फेकताय? पैसे काय झाडाला लागतात?" आणि गिळते. खरंच गिळते हो!

काल पुन्हा दवाखाना. हिचं एकशे सत्तर, उतरलं! माझं? डॉक्टरांनी तीनदा मोजलं. चष्म्यावरून बघत म्हणाले, "आजोबा, रोज अख्खी गोळी घेता ना?"

आणि ही... फाइल छातीशी धरून माझ्याकडे बघतेय, डोळे भरलेले... आता काय सांगणार, सांगा!

म्हटलं, "डॉक्टर, मला काय धाड भरलीय!"