मालकाचा पत्ता

काय सांगू तुमाला, मी कोल्हारचा, चौथीपातुर शिकल्याला, पन पंधरा वर्सं आमच्या साखर कारखान्यात पॅनवर काढली. पॅन म्हंजी ते मोठं भांडं वो, ज्यात रस आटून साखरंचा दाना धरतो. दाना झाला का न्हाई ते घड्याळ सांगत न्हाई, नमुना बोटावर घ्यायचा, तार बघायची, जिभंला लावायचा. लई शाना समजायचो सोताला.

दुष्काळात ऊस वाळला, गळीत बंद पडलं, तवा लांब परमुलखात एका कारखान्यात लागलो. तिथं लाल दगड-माती शिजवून पांढरी भुकटी काढायचे, तिचंच पुढं आपलं जर्मनचं, म्हंजी अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं होतंय. बॉयलर तसंच, टाक्या तशाच, आन टाकीत बसल्याला पांढरा दाना बी तसाच. तिसऱ्या दिवशी सवयीनं बोट बुडवलं आन चाटलं. कढत कॉस्टिक हुतं ते. जिभंची सालटं निघाली. शेजारचा म्हनला, काय पाव्हनं, गोड लागलं का.

वर कामावरून काढलं, म्हनले चूक तुजी. चूक माजीच, पन एक पाटी तरी लावायची का न्हाई? म्हनलं मालकालाच इचारतो. आमच्याकडं कारखाना सभासदांचा, चेअरमनला पारावर गाठून तोंडावर शिव्या देता येत्यात. तिथं वॉचमन म्हनला, ही लाल माती निघती तो डोंगर पयला राजाचा, त्यानं शेटला दिला. क्लार्क म्हनला, शेटनं अर्धा हिस्सा कवाच परदेशी कंपनीला इकला, आता मालक म्हंजी नुसते शेअरचे कागद. म्यानेजर म्हनला, आता सरकार घेनार म्हनत्यात, अर्ज तिकडं कर. सुजल्या तोंडानं आठ दिस फाटकाशी बसलो, एक बी मालक आला न्हाई. त्यांचं वाटोळं होवो.

पाऊस झाला तसा परत आलो, पुन्ना पॅनवर हाय. जिभंला चव न्हाई, गूळ काय, मीठ काय, सारखंच. कारभारनीची चंगळ, कालवन खारट झालं तरी नाव ठेवनारा न्हाई. चेअरमन समोर आले की बोटावर घेतो, जिभंला लावतो, मान डोलवून म्हनतो, झाला दाना. खरं तर निसत्या तारंवर चाललंय. कुनाला सांगू नका, पोटावर पाय येईल.

आन त्या मालकाचा पत्ता लागला तर तेवढा कळवा. चव गेली, पन शिवी जिभंवर तशीच हाय, द्यायला मानूस घावंना.