फुकटातला डेमो

अठ्ठ्याण्णव साली हातात मोबाइल नव्हते. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकातल्या बाकावरचं बोलणं शेजारच्याला ऐकू जायचंच. सातपूरच्या बससाठी थांबलेल्या विमलताईंच्या शेजारी एक दमलेलं जोडपं टेकलं.

“घेतलं का कोणी आपलं यंत्र?”

“नाही गं. अख्ख्या कांदाचाळीत साठवलेला माल निवडून दिला, लहान-मोठा वेगळा. खूश झाले.”

“आणि?”

“म्हणाले, साहेब, पुढच्या वर्षीपण डेमोला या.”

“अहो, दोन हंगाम निफाडचा कांदा तुम्ही फुकट निवडताय. मग विकत कशाला घेतील?”

“वापरून बघितल्याशिवाय शेतकरी घेत नाही, मीना.”

“बघून झालं की त्यांचं! आता भाड्याने चालवा. क्विंटलमागे दर ठरवा.”

“मला दर बोलता येत नाही. तोंडच उघडत नाही.”

“ठाऊक आहे. उद्यापासून मी येते बरोबर. दर ठरल्याशिवाय बटण दाबायचं नाही.”

“आणि माझी जुनी कंपनी? परत नोकरीवर येतोस का, सोमवारपर्यंत सांग म्हणालेत.”

“एक हंगाम थांबा म्हणावं.”

“नाही थांबले तर?”

“तर तो घोर तरी मिटला. उठा, बस लागली.”