न समजल्यासारखं करा, मावशी

नाही हो ताई, त्या खुंट्यांवर नाही, त्या मोठ्या गटाच्या पिशव्या — तुमच्या मुंगीची इकडे, खालून दुसरी. मुंगी मीच म्हणते तिला, रागावू नका, एवढासा जीव आणि आली-गेली तरी कळत नाही, म्हणून. बसा ना. बाई फोनवर आहेत, पाच मिनिटं म्हणाल्या म्हणजे पंधरा धरून चाला. बाक लहान आहे, हो, इथे सगळंच लहान — बावीस वर्षं याच बाकावर बसून मुलांचे बूट काढते-घालते मी, गुडघे पार कामातून गेले. तो कागद… नाव काढायचा ना? सही झाली पण? अगं बाई. बरं. ती आत खेळतेय, खेळू द्या तेवढं, लगेच नका उठवू.

आणि ती दुसरी शाळा, न बोलणाऱ्या मुलांची — लांब आहे म्हणे. दोन बस बदलून? एवढ्याशा लेकराला? नाही, मी कोण बोलणारी! मी आपली फरशी पुसणारी, नाक पुसणारी मावशी. पण राग येतो हो. कोणाचा म्हणजे? या नव्या पद्धतीचा! आधीच्या बाई होत्या तेव्हा कसं सरळ होतं — बाई म्हणायच्या, मुलं मागून म्हणायची, एका सुरात, पार रस्त्यापर्यंत आवाज. आता काय? आता मुलांनी बोलायचं आणि बाईंनी ऐकायचं. गुडघ्यावर बसतात, मुलाच्या डोळ्यांत बघतात आणि गप्प! मनातल्या मनात दहापर्यंत मोजतात, मला सांगितलंय त्यांनी. मूल म्हणालं "गाडी", की म्हणणार, "हो, लाल गाडी! कुठे निघाली बरं?" — पुन्हा गप्प. एकदा एका पोराने किटलीची वाफ बघितली, म्हणाला, "पाणी वर पळालं." झालं! सगळी शाळा किटलीभोवती, अर्धा तास, आणि मी दुधाचे पेले धरून उभी. वर ते वाक्य वहीत लिहून घेतलं, तारीख घालून. मी रोज एवढी बोलते, माझं एक वाक्य कधी लिहिलं नाही कोणी.

आता हसू नका, पुढचं ऐका. जूनमध्ये, शाळा सुरू झाली तेव्हाच, बाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला मुलांचं न बोलता सगळं कळतं ना, तीच आपली अडचण आहे." अडचण! म्हटलं, बाई, बावीस वर्षं सगळे त्याचंच कौतुक करत आले. तर म्हणतात, "मुलाने बोट दाखवलं की तुम्ही वस्तू देता. मग त्याने बोलावं कशाला? थोडं न समजल्यासारखं करा." आणि मग काय काय केलं माहितीये? रंगखडू वरच्या फळीवर. खेळायच्या मातीच्या बरण्यांची झाकणं घट्ट — मलाच आवळायला लावली. फळांची बशी टेबलाच्या मधोमध, कुणाचाच हात पोचू नये अशी. का? तर मुलांनी मागावं. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, हे मला ठाऊक नाही का? पण मुद्दाम? समोर तहानलेलं मूल नळाकडे बघतंय आणि मी खांबासारखी उभी — "काय हवंय बाळा? मला नाही कळलं." खोटं! धडधडीत खोटं! कळलेलं असतं हो मला.

बाकीची बोलायला लागली, ते कबूल करते. तो दांडगट पोरगा, जो नुसता ढकलायचा, तो आता "मावशी, झाकण उघड, मला साप करायचाय" म्हणतो. एकाने तर मला दम दिला, "तुला सांगितलेलं कळत नाही का?" चूक नाही पद्धतीत, तसं बघायला गेलं तर. फक्त तुमच्या मुंगीला लागू पडली नाही. बाईंनी किती केलं! एक दिवस तर सकाळपासून वही घेऊन नुसत्या तिच्याकडे बघत बसल्या. संध्याकाळी मी झाडत होते तर वही उघडीच — "दिवसभरात काहीही मागितलं नाही." त्यावरूनच तुम्हाला बोलावलं ना? कान तपासले, कान चांगले. मग ते डॉक्टर, त्यांनी वही वाचली, आणि मग ही शाळा. हो ना? त्या एका वहीवर.

आता ती मागेल कशी? निळी माती हवी असली की ती बरणीकडे बघते, मग माझ्याकडे, आणि नाक असं बारीकसं उडवते — बघितलंय तुम्ही? नाही? मला लांबून दिसतं. मग बाईंची पाठ वळली की मी झाकण… म्हणजे नुसतं सैल करते हो. सैलच. पाण्याचा पेला तिच्या कोपऱ्यात आधीच भरून ठेवते. सफरचंदाची फोड तिला साल काढलेली लागते, ती काढून बशीच्या तिच्या बाजूला. कुणाला दिसत नाही. त्या वहीच्या दिवशी तर जास्तच, कारण म्हटलं आज बघायला बसल्यात, पोर अवघडायला नको. तिच्यापुढे सगळं हजर होतं ताई, सकाळपासून. ती काय मागणार?

असं बघू नका. मी वाईट केलं नाही तिचं. घरी काय होतं मग? घरी तरी बोलते का? … थोरली सांगते तिच्या वतीने? "हिला भूक लागली, हिला झोप आली" असं? बघा म्हणजे! तिथे थोरली, इथे मी. दोघींनी मिळून पोरीच्या तोंडाला कुलूप लावलंय — नाही, थोरलीला नका रागावू, ती सहा वर्षांची, मी साठीला आलेली. आमच्या घरी आता कोणाला माझी गरज पडत नाही हो. नातू स्वतःचं स्वतः घेतो, सून म्हणते, आई तुम्ही बसा. बसा, बसा! किती बसायचं? आणि इथे एक पोर नाक उडवते आणि जगात फक्त मला कळतं. मला ते सोडवेना. एवढंच आहे, बाकी काही नाही.

आणि… आता निघालंच आहे तोंडातून तर सगळंच ऐका. गेल्या आठवड्यात मला ताप होता, दोन दिवस नव्हते आले. गुरुवारी आले, इथेच, या बाकावर तिचे बूट काढत होते, बाकीची आत गेलेली. तर माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "कुठे होतीस तू?" तीन शब्द. स्वच्छ. "होतीस"सकट. देवाशप्पथ सांगते. मी म्हटलं, ताप होता गं मला. तर म्हणाली, "मग पाणी कोण ठेवणार?" म्हणजे ते दोन दिवस… रडू नका ताई. अहो, आनंदाची गोष्ट आहे ना ही? मी त्या दिवशी हवेतच होते.

नाही सांगितलं. बाईंना नाही, कोणालाच नाही. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कोणतं पाणी? कोण ठेवतं? मग सगळंच बाहेर. म्हटलं, सोमवारी सांगू. आणि शुक्रवारी तुम्हाला बोलावून हा कागद दिला. चूक झाली. माझीच चूक झाली. डॉक्टरांना दाखवू नका असं मी म्हणत नाही, जरूर दाखवा, पण त्यांना खरं सांगून दाखवा. ती वही खरी नाही. तेवढं लिहून द्यायला सांगा बाईंना, आणि हा कागद आज देऊ नका.

फोन संपला वाटतं. ताई, असं करता का — तुम्हीच सांगा त्यांना. तुम्ही शिकलेल्या आहात, नीट शब्दांत मांडाल. म्हणा, मावशींकडून असं असं झालं, त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मला नाही जमायचं, माझी नोकरी… नोकरीचं जाऊ द्या, त्यांच्या डोळ्यांत बघून बोलायचं म्हणजे… तुम्ही बोला ना. अहो, बोला. नुसत्या काय बघताय माझ्याकडे? कळतंय ना तुम्हाला मी काय म्हणतेय ते?

आल्या. बाई, या ताईंना तुमच्याशी जरा बोलायचंय. ताई, सांगा. … ताई?

बाई… मी…