माशांच्या घराला गुळाची फडकी

...आन् मलाच बोलतात बघा, फडकी धुतलीस कशाला म्हणून! आता तुमीच सांगा, गुळानं बरबटलेली, मुंग्या लागलेली फडकी घरात आली तर बाईमाणूस काय करंल? धुणारच की! तर हे कपाळाला हात लावून बसले. "सगळा गूळ घालवलास गं," म्हणतात. बसा की वो जरा, उभ्या उभ्या ऐकायची गोष्ट न्हाई ही.

आमचं कुपवाडात सिमेंटचं काम. ह्यांना सगळं कुपवाड मदनअण्णा म्हणतंय. म्हशींच्या गव्हाणी, विहिरीची कडी, पाण्याच्या टाक्या, तीस वर्सं हेच. ह्या माणसानं समुद्र बघितला तो एकदाच, लग्नाच्या सालात, रत्नागिरीला, आन् तोबी लांबनं! म्हटलं, चला की पाण्यात, तर म्हणाले, खारं पाणी हाय, लोखंड गंजतंय. म्हणजे तुमास्नी सांगते, समुद्राचा आन् आमचा काय संबंध?

संबंध जोडला आमच्या प्रीतीनं. एकुलती एक लेक. कराडला इंजिनियर हो म्हटलं तर समुद्राचं शिकली, आन् पाच वर्सं झाली, तिकडं देवगडच्या बाजूला एका संस्थेत हाय. मोठमोठ्या जाळ्यांनी खरवडून समुद्राचा तळ पार उघडाबोडका झालाय म्हणं, त्यात पाणी तापतंय, माशांच्या पिल्लांना लपायला आडोसा न्हाई. म्हणून तिथं भोकाभोकाची सिमेंटची घरं नेऊन ठेवायची. तयार मिळतात, पण लय महाग, आन् हिला पाहिजेत स्वस्तातली, कुठल्याबी गावाला करता येतील अशी. सिमेंट तयार करताना हवा तापती, म्हणून सिमेंट कमी आन् साखर कारखान्यातली राख जास्त. चाळीस नग, पावसाळ्याच्या आत. तिथल्या मच्छीमारांनी एक दिवस बोट द्यायचं कबूल केलेलं. आन् आमाला म्हणाली, ही शेवटची खेप. जमलं न्हाई तर संस्था हे काम बंद करणार, मग मी घरी येते, तुमी म्हणाल त्या स्थळाला हो म्हणते.

झालं! पाच वर्सं हा माणूस सणाच्या दिवशी जेवायला बसला की आधी तिच्या रिकाम्या जागेकडं बघतोय. काम चांगलं झालं तर लेक तिकडंच राहणार, बिघडलं तर लेक घरात. आन् ते काम करायचं कुणी? बापानं!

मी आपली वेगळ्याच काळजीत. आमच्यात चातुर्मासात कांदाबी चालत न्हाई, आन् आमी मासळीला घरं बांधायची, मग कुणीतरी तिथंच जाळं टाकणार, ते पाप कुणाच्या पदरात? प्रीती म्हणाली, मच्छीमारांनीच तेवढी जागा सोडलीय, तिथं जाळं टाकायचं न्हाई असं त्यांनी ठरवलंय. तवा कुठं मी गप झाले.

आता पुढं ऐका. साच्याला तेल लावायचं न्हाई, म्हणाली, समुद्रात जातंय. तेल न्हाई तर सिमेंट सुटणार कसं? हे दोन दिवस डोकं धरून बसले. तर माझा भाऊ भरतेश, त्याचं कराडजवळ गुऱ्हाळ, तो उगवला. म्हणाला, दाजी, आमची गुळाची ढेप कशी सुटती? डब्यात वलं फडकं घालायचं आन् वर वतायचं. गुऱ्हाळ उन्हाळ्यात बंदच, त्यामुळं चाळीस डबे आन् चाळीस फडकी आली टेम्पोत बसून. फडकी कसली, हंगामभर गूळ पिऊन पिऊन पापडागत कडक झालेली! मी म्हटलं, धुवा की आधी. तर भरतेश म्हणतो, "अक्का, गूळ हाय त्यो, इख न्हवं." आन् ह्यांनी मान डोलावली! पाण्यात बुचकळली, डब्यात घातली, भोकांसाठी पायपाचे तुकडे उभे केले, आन् वतलं सिमेंट.

तिसऱ्या दिवशी प्रीती हजर. पहिला डबा उपडा केला, फडकं सोललं... आन् फडक्याबरोबर सिमेंटच सोलून आलं की वो! बोट लावावं तर चिखल. दुसरी ढेप तशीच. दहावी तशीच. चाळीसच्या चाळीस तशाच! गूळ लागला की सिमेंट धरत न्हाई, हे त्या दिवशी कळलं आमाला. तीस वर्सं सिमेंटात काढली, पण गव्हाणीत गूळ घालायची येळ कुणावर येती? समुद्राचा आन् आमचा काय संबंध, म्हणून मी घसा फोडून सांगत होते!

प्रीती ह्यांच्याकडं बघत उभी राहिली, आन् हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, मुद्दाम केलंत?"

आन् खरं सांगू, एक क्षण मलापण वाटलं, केलं असंल का हो ह्यांनी? एवढी वर्सं संसार केला आन् मला शंका आली! माझी मलाच लाज वाटली. ह्यांनी घण उचलला आन् पहिल्या ढेपेवर हाणला. घण उडाला वर, ढेप जाग्याव. वरचं बोटभर कच्चं, आत नुसता दगड! मग पाण्याचा पाईप घेतला, ब्रश घेतला, आन् चाळीस ढेपा एकेक करून घासल्या. वरचा चिखल गेला, खडी सगळी उघडी पडली. दिसायला नुसतं ध्यान! प्रीती म्हणाली, बोट थांबायची न्हाई, हाय त्या नेते. गेली. बापाशी एक शब्द न बोलता.

पाच महिने, तुमास्नी सांगते, पाच महिने! फोन यायचा माझ्या फोनवर, हे शेजारी पेपर धरून बसायचे. "तिला इचार, पाणी किती खोल हाय." मी इचारायची. "तिला इचार, ढेपा हलल्या तर न्हाईत?" अवं, तुमची लेक हाय, तुमीच इचारा! तर न्हाई. जेवण निम्म्यावर आलं. कुपवाडात बसून कोकणातला वारा ह्यांना पाठ. समुद्राचा आन् आमचा काय संबंध, असं म्हणायची माझी चोरी झाली.

दिवाळी झाली, आन् एक दिवस ह्यांच्याच फोनवर फोन. ह्यांना बटण दाबता येईना, मीच दाबलं. प्रीतीला धाप लागलेली. पाणी निवळलं, आज बुडी मारून आले, म्हणाली. शेजारी त्या महागड्या, गुळगुळीत, विकतच्या ढेपा ठेवल्यात, त्यांच्यावर नुसतं शेवाळ. आन् ह्यांच्या ढेपांवर बोट ठेवायला जागा न्हाई! शिंपल्या काय, कालवं काय, भोकातनं बारकी पिल्लं तोंड काढून बघत्यात. त्यांना धरायला खरबरीतच लागतं म्हणं, आन् आमच्या गुळानं नेमकं तेच केलेलं. संस्था काम बंद करत न्हाई. एवढं सांगून थांबली, आन् म्हणाली, "पप्पा, तसं इचारायला नको होतं मी. चुकलं माझं."

हे काय म्हणाले असतील? "जेवलीस का?" बस, एवढंच. फोन ठेवला आन् गव्हाणीच्या आडोशाला जाऊन रडले. मीबी रडले, लपवते कशाला? छातीवरचा धोंडा उतरला. पाच महिन्यांनी त्या दिवशी हा माणूस चार भाकरी जेवला.

आता आणखी दोनशे करायच्यात, आन् फडकी गुळाचीच पाहिजेत! गुऱ्हाळ सुरू झालंय, भरतेशनं नवी फडकी धाडली, ती मी धुऊन ठेवली, म्हणून बोलणी खाल्ली. पण ह्यावेळी ढेपा तिकडंच वतायच्या, समुद्राकाठी, आन् तिथल्या लोकांना शिकवायला माणूस कोण? सकाळधरनं बॅग भरतायत. चार महिने राहणार म्हणं! पाच वर्सं मी वाट बघत होते, लेक कवा घरी येती म्हणून... लेक तर आली न्हाईच, आन् आता नवरापण चालला की वो.