सपाट जमिनीवर

— नाही, नाही, उतरत नाही मी, तुमचा पिकअप ट्रक मला वरूनच दिसेल, म्हणून तर शेरीफ आम्हा स्वयंसेवकांना जत्रेच्या पार्किंगमध्ये घोड्यावर बसवून सोडतात! निळा म्हणालात ना? अहो साहेब, या टेक्सासात निम्मे पिकअप निळे आणि उरलेले धुळीने माखलेले. असू दे. रिकिबीचा पट्टा धरा असा, आणि चला. ज्युनिपर लाथ मारत नाही. आज तर मुळीच नाही, आज आम्ही दोघी पास झालोय — सकाळी नऊ वाजता, बहात्तराव्या वर्षी! म्हणजे मी बहात्तर, ती चौदा. दर वर्षी परीक्षा असते हो. पगार नाही, घोडी माझी, चारा माझा, तरी परीक्षा! तोंडासमोर फटकन छत्री उघडतात, धूर सोडतात, सायरन वाजवतात — ज्युनिपरने कानसुद्धा हलवला नाही. आणि मग शेवटचं — जमिनीवरून, कुणाच्या हाताशिवाय, स्टुलाशिवाय खोगिरावर चढून दाखवायचं.

चढले की! कशी म्हणून काय विचारता — चढले. तुम्ही परीक्षा घेणाऱ्या सार्जंट लमारचे मेहुणे वगैरे नाही ना? नक्की? मग ऐका. मैदानाच्या कडेला पाणी वाहून जायला एक चर आहे. घोडीला उभं केलं चरात, आणि मी काठावर — रिकीब आली गुडघ्याला! सार्जंट कागदावर खुणा करत होता, त्याला वाटलं, म्हातारी उन्हाला पाठ करून उभी राहिलीये. हसवू नका, हसले की मांडी दुखते — मांडी कसली, खुबा. सपाट जमिनीवर मला चढताच येत नाही, दोन वर्षं झाली. म्हणून तर सकाळपासून लिंबू सरबताला हात लावला नाही — उतरावं लागेल ना मग! पण साहेब, नवरा गेल्यावर आठ महिने मी घराचे पडदे उघडले नव्हते. हा बिल्ला छातीवर लावला त्या दिवशी उघडले. तो परत द्यायची मला भीती वाटते, खरंच सांगते. जाऊ द्या. तो बघा तुमचा निळा — छे, ती पाण्याची टाकी.

साहेब? पट्टा का सोडलात? अहो, एवढ्या उन्हात घाम नाही तुम्हाला, चेहरा बघा केवढा लाल — बसा, बसा खाली, पडाल! थांब गं ज्युनिपर. आई गं — उतरले. हो, उतरले, त्याचं नंतर बघू. डोकं घोडीच्या सावलीत घ्या. हं, हे पाणी, एकेक घोट. नाव काय म्हणालात? ऑर्विल? छान. आता बोलू नका, नुसते डोळे उघडे ठेवा, मी वायरलेसवर कळवते.

सार्जंट लमार? व्हर्ना बोलतेय. सातवी रांग, एका गृहस्थांना ऊन लागलंय, रुग्णवाहिका पाठवा. शुद्धीवर आहेत. आणि घोडी वाहून न्यायची गाडीही पाठवा. नाही, घोडी धडधाकट आहे. मी खाली उभी आहे, जमीन सपाट आहे, आणि मला चढता येत नाही. सकाळीही येत नव्हतं.